वळवाच्या दिवसांत ढगांखालून: बारामती, कोल्हापूर, सोलापूर

बुधवार, पुणे

मूळ बेत गडांचा होता. बारामतीहून लहान विमानाने उडायचं, पश्चिमेला पुरंदरपर्यंत यायचं, तिथून दक्षिणेला वळून वाई, सातारा, कऱ्हाड करत कोल्हापूर गाठायचं. नकाशावर मी ही रेघ मोठ्या हौसेने मारली होती. मला उडायला शिकवणाऱ्या सरांनी चष्मा वर केला, पेन्सिल घेतली आणि पुरंदरावर फुली मारली.

"पुरंदर किती उंच?"

"साडेचार हजार फुटांच्या आसपास."

"आणि लोहगाव विमानतळाचा सकाळचा रिपोर्ट काय म्हणतो?"

रिपोर्ट म्हणत होता, ढगांचा तळ २००० फूट. ऐकायला बरा वाटतो, पण हे दोन हजार धावपट्टीपासून मोजलेले असतात. लोहगावची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर आहे. बेरीज केली की ढगांचा तळ येतो ३९४२ फुटांवर, म्हणजे पुरंदरचा माथा ढगात. आम्ही उडणार डोळ्यांनी बघून, व्हीएफआर. त्या नियमाप्रमाणे ढगापासून उभ्या रेषेत हजार फूट आणि आडवं दीड किलोमीटर लांब राहायचं. ३९४२ मधून हजार वजा करा. उरले २९४२. खाली सासवडचं पठार अडीच हजार फुटांच्या आसपास. म्हणजे विमान आणि सासवडकरांची गच्ची यांच्यात साडेचारशे फूट उरतात. उघड्या माळावरसुद्धा किमान ५०० फूट ठेवायचे असतात, वस्तीवर हजार. गणित तिथेच संपलं.

मे महिन्याचा शेवट हा आपल्याकडे लहान विमानासाठी विचित्र काळ असतो. पश्चिमेचा वारा जोर धरू लागलेला असतो. समुद्रावरची दमट हवा सह्याद्री चढताना गार होते आणि घाटमाथ्यावर सपाट, करड्या ढगांचा थर धरते. रात्री जमीन निवली की हा थर पूर्वेकडे पसरतो, खाली येतो. सकाळी उन्हं तापली की वर सरकतो, फाटतो. पूर्वेकडे, म्हणजे सोलापूर, मराठवाडा, बरोबर उलटं. सकाळी आभाळ धुतल्यासारखं, दुपारी दोननंतर वळवाचे ढग. पश्चिमेला सकाळ वाईट, पूर्वेला दुपार वाईट. मधली जी काही चार तासांची फट उरते तीत आपली सहल बसवायची. मान्सून पुण्यात यायची सरासरी तारीख १० जून, पण सरासरीवर विसंबण्यात अर्थ नाही. २०२५ साली तो २६ मेलाच पुण्या-मुंबईत दाखल झाला होता.

नवा रस्ता ठरला: गुरुवारी बारामती ते कोल्हापूर, पण पूर्वेकडून, माण-खटावच्या डोक्यावरून. शुक्रवारी कोल्हापूर ते सोलापूर. शनिवारी सोलापूर ते बारामती. त्रिकोण. गड गेले.

संध्याकाळ कागदपत्रांत गेली. फ्लाइट प्लॅन भरायचा, मग एडीसी नंबर घ्यायचा, म्हणजे हवाई संरक्षणवाल्यांना कळतं की रडारवरचा हा ठिपका कोण आहे. त्यानंतर मुंबईच्या उड्डाण माहिती केंद्राचा, म्हणजे एफआयसीचा नंबर. हे दोन्ही वहीत लिहिले नाहीत तर चाकं हलवायची नाहीत. लोकांना वाटतं विमान उडवणं म्हणजे दांडा धरणं. निम्मा वेळ फोन कानाला धरण्यात जातो.

रात्री गच्चीत जाऊन पाहिलं. कोथरूडहून सिंहगड सोळा-सतरा किलोमीटर, पर्वती चारेक. माझी दृश्यमानता मोजायची पट्टी हीच. गडावरच्या टॉवरचा लाल दिवा दिसला तर हवा चांगली. पर्वतीही पुसट झाली तर पाच किलोमीटरची किमान अटसुद्धा पुरी होत नाही, झोपावं. दिवा दिसत होता, पण मळकट. शिवाजीनगरला हवामान खात्याचं सिमला ऑफिस, पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. देशाच्या पावसाची चर्चा १९२८ पासून या गावात चालते. तरी पुणेकर छत्री घ्यायची की नाही हे शेजाऱ्याला विचारूनच ठरवतो. मीही खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. "गुडघा दुखतोय," त्या म्हणाल्या.

गुरुवार, बारामती ते कोल्हापूर

पहाटे चारला निघालो. लोहगाव हवाई दलाचा तळ. तिथे प्रवासी विमानं आणि लढाऊ विमानं यांच्या मध्ये आमच्यासारख्यांना जागा कुठली? म्हणून पुण्याच्या हौशी वैमानिकाला आधी बारामतीपर्यंत गाडी हाकावी लागते. हडपसर, यवत, पाटस. हडपसरला ग्लायडिंग सेंटरच्या कडेने जाताना मान आपोआप वळते. विंचच्या दोराने खेचलेलं बिनइंजिनाचं विमान घारींच्या जोडीने घिरट्या घालत वर जातं, हे मी शाळेत असताना तिथे पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात हे खूळ बसलं.

बारामतीला उजाडलं तेव्हा हवा स्तब्ध होती. आमचं सेसना १७२ भाड्याचं, पांढरं, दारं थोडी कुरकुरणारी. आदल्या आठवड्यात वळीव पडून गेला होता, म्हणून टाकीतलं इंधन तळातून काढून पारदर्शक भांड्यात धरून पाहिलं. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. नव्हतं. टाक्या काठोकाठ भरल्या: वापरण्याजोगं सुमारे २०० लिटर, आणि विमान तासाला ३२ ते ३५ लिटर पितं. हे इंधन, एव्हगॅस, सगळ्या विमानतळांवर मिळत नाही. भरून निघणं बरं.

सव्वासातला उडालो. कोल्हापूरची दिशा जवळपास सरळ दक्षिण, किंचित पश्चिमेकडे झुकलेली. पश्चिमार्धात जाणाऱ्याने सम हजार अधिक पाचशे फूट घ्यायचे, म्हणून ४५००. पूर्वार्धात जाणाऱ्याला विषम. एवढ्याने समोरून येणारा निदान तुमच्या उंचीवर नसतो. नीरा ओलांडली, उजवीकडे फलटण राहिलं, आणि महादेव डोंगराच्या रांगा पुढे आल्या. शिखर शिंगणापूरचा डोंगर डावीकडे, आमच्याहून हजारेक फूट खाली.

धुरकट हवेची एक गंमत असते, ती जमिनीवरून कळत नाही. सूर्याकडे पाहिलं तर चार किलोमीटरवरचं गाव दिसत नाही, पाठ करून पाहिलं तर पंधरा किलोमीटरवरचा तलाव दिसतो. हवा तीच. त्यामुळे "दृश्यमानता सहा किलोमीटर" या वाक्याला तसा अर्थ नसतो, कुठल्या बाजूला ते विचारावं लागतं. सकाळी दक्षिणेला जाताना सूर्य डाव्या खांद्यावर. डावी बाजू पिवळट भिंत, उजवी बाजू स्वच्छ. आणि त्या स्वच्छ बाजूलाच ते दिसलं.

दहिवडी मागे पडून वडूज खाली आलं होतं. पश्चिमेला, कृष्णेच्या खोऱ्यावर, एक सपाट करडी फळी आडवी पडली होती. वरून पांढरी, उन्हात चकाकणारी. खाली कऱ्हाड असणार, पण कऱ्हाड नव्हतं. कृष्णा-कोयनेचा संगम, आगाशिवाचा डोंगर, महामार्ग, सगळं त्या फळीखाली.

सरांनी आदल्या दिवशी नकाशावर एक जाड रेघ मारून ठेवली होती. कृष्णा. "कोल्हापूर उघडं आहे असं कानाने ऐकल्याशिवाय आणि डोळ्याने बघितल्याशिवाय कृष्णा ओलांडायची नाही." मला ही पद्धत फार पटते. वळायचं कुठे हे जमिनीवर, चहा पिताना ठरलेलं असावं. वर गेल्यावर माणूस वकिली करू लागतो: अजून दोन मैल बघू, पुढे उजेड दिसतोय, मागच्या वेळी फाटलं होतं.

कोल्हापूर टॉवरने सांगितलं: दृश्यमानता सहा किलोमीटर, ढग ब्रोकन, हजार फुटांवर. आभाळाचे आठ भाग केले तर पाच ते सात झाकलेले म्हणजे ब्रोकन, आणि तिथून तो छप्पर धरला जातो. नियंत्रित विमानतळावर व्हीएफआरने उतरायला छप्पर किमान १५०० फूट लागतं. पाचशे फूट कमी पडत होते.

"स्पेशल मागू या का?" मी विचारलं. स्पेशल व्हीएफआर अशी एक सोय असते. टॉवरने परवानगी दिली तर दीड किलोमीटर दृश्यमानतेतही ढगांबाहेर राहून उतरता येतं.

"परवानगी टॉवर देईल गं. ढग थोडाच वर जाणार आहे?"

मग आम्ही कृष्णेच्या अलीकडे, तासगावच्या बाजूला, लख्ख उन्हात घिरट्या घालायला लागलो. खाली द्राक्षबागांचे चौकोन. इंजिनाचा वेग कमी केला, इंधन-हवेचं मिश्रण पातळ केलं, तासाला तीसच्या खाली लिटर जातील असं बसवलं. मागे बारामतीपर्यंत आभाळ मोकळं, टाकीत चार तासांहून जास्त इंधन. काळजीचं कारण एकच, भाडं तासावर होतं आणि ते माझ्या खिशातून जात होतं.

अशा वेळी ढगाची कडा फार जवळची वाटते. त्यातून निळं काहीतरी डोकावतं. पलीकडे सोपं असेल असं वाटतं. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेले वीस वैमानिक घेतले आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. एकूण एक जण विमानावरचा ताबा घालवून बसले. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कारण साधं आहे. क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल सांभाळणारा भाग खोटं बोलायला लागतो. हळूहळू कललेलं विमान त्याला सरळ वाटतं. मग नाक खाली जातं, वेग वाढतो, माणूस दांडा ओढतो, आणि कललेल्या विमानात दांडा ओढला की वळण आणखी आवळतं. सरांनी मला हे चष्म्यावर झापड लावून करून दाखवलेलं आहे. माझ्या हिशोबाने आम्ही सरळ चाललो होतो. झापड काढली तर एका बाजूला खिडकीभर शेत.

साडेआठला टॉवर म्हणाला चौदाशे. नऊच्या सुमाराला अठराशे, आणि ढग फाटताहेत. कडेवरून आम्हालाही ते दिसत होतं. फळीला भोकं पडली होती, भोकांखाली उसाचा हिरवा रंग. कृष्णा ओलांडली, थराच्या खाली तीन हजारांच्या आत उतरलो. खाली जमीन अठराशे-एकोणीसशे फुटांवर. वाटेत अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या काट्यावर, हवेचा दाब नवा लावून घेतला. दर हेक्टोपास्कलला २८ फूट इकडेतिकडे होतात. ढग आणि ऊस यांच्यात जेमतेम दोन हजार फूट असताना तो आकडा जपून वापरलेला बरा. उजळाईवाडीची धावपट्टी चार मैलांवरून दिसली आणि उतरलो.

बाकी दिवस कोल्हापुरात लोक घालवतात तसाच गेला. पांढरा रस्सा सरांनी तीनदा मागवला.

शुक्रवार, कोल्हापूर ते सोलापूर

सकाळी सहाला हॉटेलच्या वॉचमनने वर बघून निकाल दिला: "लई खाली आल्यात बघा आज, ताई. धापर्यंत काय सुटत न्हाईत." विमानतळावर गेल्यावर अधिकृत रिपोर्ट आला, ढग आठशे फूट, ओव्हरकास्ट, म्हणजे आभाळ पूर्ण झाकलेलं. वॉचमनच्या बोलण्यात वेळही होती, ती रिपोर्टात नव्हती.

आजचं गणित दोन्ही बाजूंनी आवळलेलं. कोल्हापूर दहापर्यंत सुटणार नाही, सोलापूरला दुपारी ढग उभे राहणार. तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक घ्यायचा, दर अंशाला चारशे फूट धरायचे, की उन्हाने उठणाऱ्या ढगाचा तळ कळतो. सोलापूरचा दुपारचा अंदाज ४१ अंश, दवबिंदू १७. फरक २४, तळ साडेनऊ हजार फुटांच्या वर. एवढा उंच तळ म्हणजे खाली भरपूर मोकळी जागा, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तो जास्त दुष्ट असतो. इतक्या उंचावरून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो, सुकताना हवा गार करतो, ती जड गार हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस एक थेंब नाही आणि वारा साठ-सत्तर किलोमीटरने. धुळीची भिंत पुढे चालत येते ती हीच.

म्हणून सरांनी अट घातली. अकराच्या आत कोल्हापूर सोडता आलं तर जायचं, नाहीतर मुक्काम वाढवायचा.

वाट बघणं हा या छंदातला सगळ्यात मोठा भाग आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. विमानतळाच्या बाकावर बसून मी फोनवर रडारचं चित्र ताणून बघत होते. सरांनी फोन उलटा ठेवला. त्यांचा या चित्रांवर राग आहे आणि तो बराचसा रास्त आहे. रडारचं चित्र आपल्यापर्यंत यायला दहा-पंधरा मिनिटं जातात. वळवाचा ढग तेवढ्या वेळात लहानाचा मोठा होतो. पडद्यावर दोन लाल ठिपक्यांमधून वाट दिसते, ती तेव्हा होती, आता नाही. ढग आहे की नाही हे कळायला चित्र चांगलं, त्यांच्यामधून वाट काढायला नाही. तिथवर आमचं एकमत. त्यापुढे सर म्हणतात की फोनच नको, तिथे मी त्यांच्याशी भांडते.

सव्वादहाला करड्या छपराचे कापसाचे गोळे झाले. तळ दोन हजारांवर, मधून निळं. उडालो. ३३ अंश आणि दोन हजार फुटांवरची धावपट्टी. विरळ हवेमुळे विमानाला ती साडेचार हजारांवर असल्यासारखी भासते. धाव लांबली, चढण मंद झाली. गोळ्यांमधल्या मोठ्या मोकळ्या पट्ट्यातून वर जाऊन ५५०० फूट धरले. आता पूर्वार्ध, म्हणून विषम हजार. सांगली डावीकडे ठेवून मिरज जंक्शनच्या रुळांच्या फाट्यांवरून गेलो. रेल्वेचा फाटा हा सगळ्यात भरवशाचा खुणेचा दगड. रस्ते बदलतात, तलाव मे महिन्यात आटतात, रूळ तिथेच असतात.

ढालगावच्या पवनचक्क्यांनी मोठं काम केलं. त्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात, त्यामुळे पश्चिमेचा वारा इथपर्यंत पोचतोय हे वरून वाचता आलं. तो पाठीवर होता, म्हणून वेगही वाढला. पुढे जतच्या बाजूला वारा हरवला, चक्क्या संपल्या, आणि जमीन लालसर, उघडी झाली. तिथून हादरे सुरू. तापलेल्या माळावरून हवेचे झोत उठतात, विमान दोनशे फूट उचलतात, ओढ्याच्या हिरव्या पट्ट्यावर आलं की सोडून देतात. सरांनी सांगितलेला मंत्र: उंचीशी मारामारी करायची नाही, विमान सरळ धरायचं आणि त्याला वरखाली होऊ द्यायचं. एका झोतात घारी फिरत होत्या. त्या मात्र लांबून टाळल्या. पंखावर आदळलेली घार ही गंमत नसते.

मंगळवेढ्याच्या दिशेला, डावीकडे, साडेअकराला पहिला ढग ताठ उभा राहिलेला दिसला. सकाळच्या गोळ्यांसारखा पसरट नाही. बाजू फुलकोबीसारख्या घट्ट, कडा कापल्यासारख्या. अजून पाऊस नाही, वीज नाही. तीस-पस्तीस किलोमीटर लांब. तरी सर घड्याळ बघत राहिले. वाढत्या ढगापासून वीस सागरी मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर लांब राहावं हा ठोकताळा, आणि आम्ही त्या कडेच्या थोडे आतच होतो. आणखी थोडं उजवीकडे सरकलो. भीमा आली, वाळूच जास्त, पाणी कडेला. मग सोलापूर.

होटगी रोडला उतरताना पूर्वी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी वाटेत यायची. तिच्यावरून सोलापुरात वर्षानुवर्षं वाद झाला आणि २०२३ साली ती पाडली. आता तिकडे उघडं आकाश आहे. चिमणीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोन्ही पक्ष विमानतळाबाहेरच्या एकाच टपरीवर भेटतात.

विमान थांबल्यावर दाराच्या बाहेर पाऊल टाकलं तर डांबर चपलेतून लागत होतं. सर थेट दोरांकडे. पंखांना दोन, शेपटीला एक, चाकांना ठोकळे, दांड्याला आतून लॉक, नाक पश्चिमेला. एक माणूस हसत होता, आभाळ तर निळं आहे म्हणाला.

चारला वायव्येचं आभाळ शाईसारखं झालं. साडेचारला धुळीची भिंत आली, तपकिरी, सपाट, धावपट्टीवरून सरळ चालत. पाच मिनिटं काही दिसलं नाही. पत्र्याचा आवाज, कुठेतरी काहीतरी पडलं. मग मोठे थेंब, अंगाला लागणारे, गारा नाहीत, नशीब. आमचं विमान दोरांवर उडायचा प्रयत्न करत होतं. पंख खरोखर उचलले जात होते आणि दोर ताणून परत खाली ओढत होते. उभ्या विमानाला वेग कुठला, तर वाऱ्याचाच. पंखाला फरक कळत नाही.

हे सगळं वीस मिनिटं चाललं आणि शहरात रस्ताही नीट भिजला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाचा कायपीक्स प्रयोग सोलापुरात केला तो याच कारणाने. पर्जन्यछायेचा प्रदेश, ढग येतात, दिसतात, पण देत नाहीत. विमानातून ढगांच्या तळाशी मिठाचे कण सोडून ते जास्त पाऊस देतात का हे मोजायचं. आम्ही ज्या ढगांपासून वीस मैल पळत होतो, त्यांच्याजवळ मुद्दाम जाणारे वैमानिकही असतात. त्यांची विमानं वेगळी, उपकरणं वेगळी, आणि छातीही.

शनिवार, सोलापूर ते बारामती

वळवानंतरची सकाळ. धूळ धुतली गेलेली, तापमान पंचवीस, क्षितिज चाकूने कापल्यासारखं. होटगी रोडवरून चाळीस किलोमीटर दिसत असावं. कालच्या पाण्यामुळे इंधन पुन्हा तळातून काढून बघितलं. या वेळी भांड्याच्या तळाशी खरंच पाण्याचा एक मणी बसला होता. झाकणाच्या रबरातून झिरपला असणार. तो पूर्ण जाईपर्यंत, पंख हलवून हलवून, पाच-सहा भांडी काढली. उशीर झाला. कुणालाच घाई नव्हती.

साडेसातला निघालो, ४५०० फूट. मोहोळ उजवीकडे गेलं. हवा इतकी शांत की दांड्यावरून हात काढला तरी विमान चाललेलं. उजनीच्या पाण्यावर मात्र धुक्याचा पातळ थर होता, काल रात्रीच्या ओलीचा. धरणाची भिंत दिसत होती, भिंतीमागचं पाणी नव्हतं. अशा धुक्याचं वैशिष्ट्य असं की सरळ खाली बघितलं तर त्यातून होड्या दिसतात, तिरकं बघितलं तर काही नाही. वरून धावपट्टी दिसते म्हणून उतरायला गेलेला माणूस शेवटच्या दोनशे फुटांत आंधळा होतो, तो यामुळे. आम्हाला तिथे उतरायचं नव्हतं. इंदापूरपर्यंत धुकं विरलं आणि भीमेचे सगळे फाटे, बेटं, बुडालेल्या रस्त्यांच्या रेघा उघड्या पडल्या. फ्लेमिंगो असतील म्हणून मी भिगवणकडे मान ताणली. मे महिन्याच्या शेवटी कसले फ्लेमिंगो, सर म्हणाले.

बारामती समोर आली तेव्हा इंधन भरपूर होतं आणि आभाळ मोकळं. मी सरांना मोरगावपर्यंत जाऊन यायचं विचारलं. आमच्या प्लॅनमध्ये तो तुकडा घातलेला होताच. मोरगावच्या पुढे नाही, तिथून लोहगावची हद्द जवळ येते.

मोरगावच्या आकाशातून पश्चिमेला पुरंदर पस्तीस-छत्तीस किलोमीटर. गडाचा खालचा अर्धा भाग दिसला: पायथ्याचे उतार, पठाराची कड. त्यावर ढग, अगदी सपाट तळाचा. मी अल्टिमीटरवर आमची उंची बघितली, नजरेने रेघ ताणली. चार हजारांच्या आसपास गडाचं डोकं कापलेलं होतं. त्याच्या डावीकडे रायरेश्वर, महाबळेश्वरच्या बाजूला तर डोंगरच नव्हते, फक्त पांढरं. महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, ती का तिथे काढली हे इथून बघताना कळतं. तिथे ढग खिडकीतून आत येतो. आणि त्या पांढऱ्यातूनच माझी बुधवारची पहिली रेघ गेली असती, वाईवरून.

"घे बघून," सर म्हणाले. "मग डावीकडे वळ."

एका मिनिटात अर्धं वर्तुळ, सेकंदाला तीन अंश, उंची न गमावता. हे वळण ते प्रत्येक उड्डाणात एकदा करून घेतातच, गरज असो वा नसो, आणि दर वेळी उंचीच्या काट्यावर बोट ठेवून बसतात. या वेळी काटा वीस फूट हलला. ते काही बोलले नाहीत म्हणजे चालून गेलं.

बारामतीत नऊच्या आत उतरलो. वारा पश्चिमेचा, बारा नॉट, धावपट्टीच्या जवळपास सरळ. विमान धुतलं, वहीत पाण्याच्या मण्याची आणि टाकीच्या झाकणाच्या रबराची नोंद केली, म्हणजे पुढच्याला कळेल. दुपारी बिल हातात आलं. त्यात तासगावच्या घिरट्यांचा तास अर्थातच चढलेला होता. तो मी भरला. परत येताना पाटसला पावसाने गाठलं, गाडी बाजूला घेतली, आणि कांदाभज्यांचे पैसे सरांनी दिले.